कापडी पिशवीच्या पलीकडे

गणेशोत्सवापूर्वीचा महिना आणि दिवाळीपूर्वीचा पंधरवडा या काळात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतील मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या सभागृहांत पर्यावरणपूरक वस्तूंची प्रदर्शने भरण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. शाडूच्या मूर्ती, कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, शिकेकाई आणि रिठ्याची पूड, सेंद्रिय गूळ, लाकडी घाण्याचे तेल, शेणाच्या पणत्या अशा वस्तूंची तेथे रेलचेल असते. विक्रेत्यांत महिला बचत गट असतात, वनवासी भागांत काम करणाऱ्या संस्था असतात, नोकरी सोडून शेतीत उतरलेले तरुण असतात. खरेदीदार बहुधा मध्यमवर्गीय, सुशिक्षित आणि दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी असलेले. पंचवीस वर्षांपूर्वी लाकडी घाण्याचे तेल मागणाऱ्याकडे दुकानदार जुनाट माणूस म्हणून पाहत असे. आज तेच तेल तो दर्शनी फळीवर मांडतो. हा बदल आपोआप झालेला नाही. घराघरांतून, विशेषतः गृहिणींनी, तो घडवून आणला आहे आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे.

याच शहरांत आणखी एक दृश्य दिसते. रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या पिंपळाच्या बुंध्यावर महापालिकेचा एक कागद चिकटवलेला असतो. झाडांच्या जतनाविषयीच्या १९७५ च्या कायद्यानुसार शहरातील झाड तोडण्यापूर्वी तशी सूचना झाडावर लावणे आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध करणे महापालिकेला बंधनकारक आहे. हेतू हा की, कोणा नागरिकाची हरकत असेल तर त्याने ती ठरावीक मुदतीत वृक्ष प्राधिकरणाकडे नोंदवावी. कापडी पिशवी हातात घेतलेली शेकडो माणसे त्या पिंपळाखालून रोज जातात. त्यांतली किती जण थांबून तो कागद वाचतात, आणि वाचणाऱ्यांतली किती जण हरकतीचे दोन ओळींचे पत्र लिहितात? पाऊस पडतो, कागद भिजून गळून पडतो, मुदत संपते आणि एके सकाळी झाड नसते. मग दोन-चार दिवस हळहळ व्यक्त होते. कायद्याने दिलेला अधिकार मात्र वापराविना पडून राहिलेला असतो.

या दोन दृश्यांचा परस्परांशी संबंध काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. निसर्गाला जपणारी खरेदी करणारा माणूस पुढे सार्वजनिक कामातही उतरतो, की खरेदीतच त्याचे समाधान होऊन तो घरी बसतो?

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आहे. टोरांटो विद्यापीठातील नीना मझार आणि चेन-बो झाँग यांनी २०१० मध्ये काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यावरणपूरक वस्तू नुसत्या पाहिलेली माणसे नंतर अधिक उदारपणे वागली. पण त्या वस्तू विकत घेतलेली माणसे हात आखडता घेऊ लागली, इतकेच नव्हे तर संधी मिळताच थोडी लबाडीही करू लागली, असे त्यांना आढळले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पुण्याच्या जमेवर थोडे पाप खपवून घेण्याची ही वृत्ती. गंगेत एक डुबकी मारली की वर्षाचे पाप धुतले गेले असे मानणारे भाविक आपण पाहतोच. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्परीक्षणात तसाच निष्कर्ष मिळाला नाही, त्यामुळे त्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, मार्गारेट विलिस आणि ज्युलिएट शोर या समाजशास्त्रज्ञ महिलांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील पाहण्यांच्या आधारे असे दाखवले की, विचारपूर्वक खरेदी करणारी माणसे सार्वजनिक कार्यातही इतरांपेक्षा अधिक भाग घेतात. म्हणजे कापडी पिशवी माणसाला निष्क्रिय करतेच असे नाही. पण ती त्याला कार्यकर्ता बनवते, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. कदाचित जो मुळातच सार्वजनिक वृत्तीचा आहे तोच पिशवीही घेत असेल.

या कोड्याची उकल टोरांटोपेक्षा पुण्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. गणेश वासुदेव जोशी यांना महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो. १८७२ च्या सुमारास त्यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याचे व्रत घेतले. स्वतः कातलेल्या सुताचे कापड ते वापरत, आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला राजेरजवाड्यांच्या जरीकाठी झगमगाटात ते त्याच जाड्याभरड्या पोशाखात उपस्थित राहिले. एवढीच हकीकत बहुधा सांगितली जाते. पण काका त्या दरबारात हौसेने गेले नव्हते. पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने निवेदन घेऊन ते गेले होते. ही सभा त्यांनी स्वदेशीच्या व्रताआधी, १८७० मध्ये स्थापन केली होती, आणि तिचा उगम पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींसारख्या अगदी स्थानिक गोष्टीत होता. सभेचा सभासद होण्याची अट तर आजच्या कोणत्याही संस्थेला लाजवील अशी होती. किमान पन्नास सज्ञान माणसांनी सही करून दिलेले मुखत्यारपत्र ज्याच्यापाशी असेल तोच सभासद. म्हणजे सभासद होण्यासाठी पन्नास घरांचे उंबरे झिजवणे भाग होते. १८७६ नंतरच्या भीषण दुष्काळात या सभेने गावोगाव माणसे पाठवून माहिती जमवली आणि ती सरकारपुढे मांडली.

काकांच्या अंगावरचे कापड आणि त्यांच्या हातातले निवेदन यांची अशी गाठ होती. कापडामुळे निवेदनाला वजन आले, कारण मागणी करणारा माणूस स्वतः झीज सोसतो आहे हे समोरच्याला दिसत होते. आणि निवेदनामुळे कापडाला अर्थ आला, नाहीतर ती एका वकिलाची वैयक्तिक लहर ठरली असती. पुढे १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तिच्यामागेही सभा होत्या, वर्तमानपत्रे होती, विद्यार्थ्यांची संघटना होती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने घरोघरचा एकेक पैसा गोळा करून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा केला. बहिष्कारावर न थांबता निर्मितीपर्यंत जाण्याची ती जिद्द होती. त्या पिढीच्या दृष्टीने खरेदी ही खासगी बाब नव्हतीच. कोणी काय विकत घेतले हे गल्लीला माहीत असे, आणि ते माहीत असावे अशीच योजना होती.

मग खरेदी ही खासगी सदाचाराची गोष्ट आहे, आणि निसर्गाचे जे काही बिघडले आहे ते ज्याने त्याने आपली टोपली बदलली की दुरुस्त होईल, ही समजूत आली कोठून? ती बऱ्याच अंशी अमेरिकेतून आली, आणि ज्यांना ती सोयीची होती त्यांनी ती पैसे खर्चून पसरवली. १९५३ मध्ये तेथील बाटल्या, डबे आणि शीतपेये बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था निघाली. उद्योग रिकाम्या बाटल्या परत घेण्याची जुनी पद्धत मोडून एकदाच वापरण्याच्या वेष्टनांकडे वळत होते, त्याच काळात ही संस्था कचरा टाकणाऱ्या माणसाला उपदेश करत होती. तिची १९७१ ची जाहिरात जगप्रसिद्ध झाली. रस्त्यावरचा कचरा पाहून अश्रू ढाळणारा एक मूळनिवासी अमेरिकन तीत दाखवला होता. तो नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता, हे नंतर उघड झाले! पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट मोजावा म्हणून मोठी प्रचारमोहीम चालवली. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेब मागावा, याला धूर्तपणा म्हणावे की विनोद, हे वाचकांनी ठरवावे.

आपल्याकडेही हेच घडले, फक्त उशिरा. आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या आणि त्यांवरची पातळ धातूची टोपणे ज्यांना आठवतात, त्यांना बाटली धुऊन परत देण्यात कोणतेही पर्यावरणव्रत वाटत नव्हते. व्यवस्थाच तशी होती. व्यवस्था बदलली, दूध प्लास्टिकच्या पिशवीत आले, आणि त्या पिशवीचे काय करावे हा प्रश्न गृहिणीच्या ओट्यावर येऊन पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि गटारे तुंबण्यास प्लास्टिकच्या पिशव्याही कारण आहेत हे सर्वांना पटले. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. मार्च २०१८ मध्ये त्याहून व्यापक बंदीची अधिसूचना निघाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि कैद. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायदे कमी नाहीत. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे किमान पन्नास पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याचीही तरतूद होती. तिच्यावर उत्पादकांनी हरकती घेतल्या, बैठका झाल्या आणि ती व्यवस्था रुजलीच नाही. वस्तुतः सर्व तरतुदींत तीच सर्वांत महत्त्वाची होती, कारण तिने बाटलीवाल्या जुन्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन केले असते. ती का बारगळली, असे विचारायला किती ग्राहक पुढे आले? ग्राहक तोपर्यंत नव्या पिशव्या विकत घेण्यात गुंतला होता. त्या पिशव्यांतही पुष्कळशा 'नॉन-वोव्हन' नावाच्या होत्या. दिसायला कापडी, हाताला मऊ, आणि प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच.

वस्तूवरील हिरव्या शिक्क्यांचीही तीच गत. १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणस्नेही उत्पादनांसाठी 'इकोमार्क' नावाचे चिन्ह सुरू केले. चिन्ह मोठे अर्थपूर्ण होते, मातीचे मडके. मातीतून येते आणि मातीत जाते. पण ते मडके किती जणांनी कोणत्या वस्तूवर पाहिले? फारच थोड्या उत्पादकांनी ते घेतले, कारण ते नसल्याबद्दल कोणी जाब विचारत नव्हते. त्यापेक्षा वेष्टनावर आपणच एक हिरवे पान छापणे स्वस्त होते. तीन दशकांनी, २०२४ मध्ये, इकोमार्कचे नवे नियम आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाविषयीच्या फसव्या दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'नैसर्गिक', 'हरित' असे मोघम शब्द आता पुराव्याविना वापरता येत नाहीत. तक्रार करण्याची सोय झाली. तक्रार करणारा ग्राहक मात्र कायद्याने निर्माण होत नाही.

याउलट, जेथे सामूहिक शक्ती वापरली गेली तेथे काय घडते, याचे उदाहरण प्रत्येकाच्या घराच्या छताला लटकते आहे. एलईडी दिवा महाग होता तोवर पर्यावरणाची आस्था असलेली मोजकी कुटुंबे तो घेत होती. २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली, सरकारी कंपनीने देशासाठी एकत्रित खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. सुजाण ग्राहकांनी एकेकट्याने पन्नास वर्षे खरेदी करूनही ही किंमत उतरली नसती.

खरेदीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक चिंताजनक आहे. तो म्हणजे बिघडलेल्या पर्यावरणापासून स्वतःपुरती सुटका विकत घेणे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू सास यांनी २००७ मध्ये यावर एक पुस्तकच लिहिले. पूर्वी रोग्याला वेगळे ठेवत, आता निरोगी माणूस पैसे देऊन स्वतःला जगापासून वेगळे ठेवू पाहतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. पाण्याची बाटली, घरातील हवा शुद्ध करणारे यंत्र, सेंद्रिय भाजीची घरपोच टोपली हे सारे याच दिशेने वळू शकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने देशातील मोठ्या शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा मुंबईचे सर्व नमुने सर्व निकषांवर उतरले आणि दिल्ली तळाला गेली. शतकाहून अधिक काळ तलाव, जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे उभारून महापालिकेने कमावलेले ते यश आहे. त्याच मुंबईतील असंख्य स्वयंपाकघरांत आरओ यंत्रे लावलेली आहेत. यांपैकी अनेक यंत्रे एक लिटर पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडून देतात. पाण्यातील क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते.

प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या पाण्याचा नाही. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याला नळाला गढूळ पाणी आले तरी वॉर्ड ऑफिसात जाण्याची गरज उरत नाही. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला गरज असते, पण त्याच्या शब्दाला वजन नसते. शहरातील ज्यांना लिहिता-वाचता येते, इंग्रजीत पत्र लिहिता येते, ज्यांचा फोन अभियंता उचलतो, तीच माणसे एकेक करून सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडतात आणि मग ती व्यवस्था खालावत जाते. महापालिकेच्या शाळांचे हेच झाले, सार्वजनिक बससेवेचे हेच झाले. पाण्याचे आणि हवेचे तसे होऊ लागले तर बाहेर पडायला जागाच नाही. दिल्लीत सार्वजनिक बसगाड्या सीएनजीवर आल्या त्या न्यायालयात १९८५ पासून चाललेल्या लढ्यामुळे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा खप वाढल्यामुळे दिल्लीची एकही बस बदललेली नाही.

म्हणून खरेदी टाकाऊ आहे असे नव्हे. ती कोणत्या दिशेला तोंड करून केली जाते, हा मुद्दा आहे. गणेशमूर्तीचेच पाहा. शाडूची मूर्ती आणणे हा घरच्या श्रद्धेचा आणि विवेकाचा निर्णय. (शाडूची बरीचशी माती गुजरातमधून येते आणि तीही उकरूनच काढली जाते, याचे स्मरण शाडूच्या अभिमान्यांनी ठेवलेले बरे.) पण लाखो मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच येत राहिल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक साधा मार्ग दाखवला. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट मिसळून त्यात मूर्ती विसर्जित केली की प्लास्टरचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होते, आणि अमोनियम सल्फेट हे खत आहे. महापालिकेने ते चूर्ण नागरिकांना मोफत दिले. येथे शास्त्रज्ञ, महापालिका आणि घरातील बादली अशी साखळी जुळली. केवळ मूर्तिकाराकडे बोट दाखवून किंवा केवळ न्यायालयाकडे पाहून ती जुळली नसती.

कचऱ्याच्या बाबतीत पुण्याचा अनुभव याहून बोलका आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करणे ही सवय अनेक घरांनी लावून घेतली. पण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होणार असेल तर त्या सवयीला काय अर्थ? पुण्यात तिला अर्थ आला तो कचरावेचक महिलांच्या संघटनेमुळे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. या संघटनेच्या धुरीणांची वैचारिक भूमिका या साप्ताहिकाच्या भूमिकेहून वेगळी आहे. तरीही दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या महिलेला ओळखपत्र, ठरलेला मोबदला आणि मान मिळवून देण्याचे त्यांचे काम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आणि याच शहराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तेथील विहिरींचे पाणी नासले. २०१४ आणि २०१७ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात साचलेल्या ढिगांनी पुणेकरांना त्या गावांची नावे कळली. बांबूचा ब्रश वापरणाऱ्या कुटुंबाचा कचराही त्याच गाडीतून त्याच गावाला जात होता.

खरेदीतून नागरिकत्वाकडे जाणारी वाट महाराष्ट्रात कोणी आखलीच नाही असे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, एका घरी माल उतरवून घ्यायचा आणि सर्वांनी मिळून तो वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. या रीतीत वाण्याचे दोन पैसे वाचले हे खरे, पण मोठी गोष्ट अशी की, दर महिन्याला शेजारपाजारची माणसे तांदळाच्या पोत्याभोवती बसली. जी माणसे एकत्र बसून तांदूळ मोजतात ती आज ना उद्या विजेच्या बिलाविषयी बोलतात. पुढे हीच मुंबई ग्राहक पंचायत वीज नियामक आयोगापुढे ग्राहकांची प्रतिनिधी म्हणून उभी राहिली, घरखरेदीदारांच्या हक्कांसाठी लढली. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्यासाठी पर्यावरण कार्यकर्त्यांनी घराघरांतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा केल्या, 'एक थाली, एक थैला' म्हणून ती मोहीम ओळखली गेली. तिच्यातही पिशवीपेक्षा ती मागायला दारात आलेला कार्यकर्ता आणि ती देणारी गृहिणी यांची झालेली ओळख अधिक मोलाची होती. कुंभ संपला. त्या ओळखीचे पुढे काय करायचे हे स्थानिक शाखांनी आणि मंडळांनी ठरवायचे आहे.

सेंद्रिय धान्याच्या संयुक्त खरेदीचे गट आज अनेक वसाहतींत आहेत. असा एखादा गट आपल्या परिसरातील वृक्षतोडीच्या सूचना वाचण्याचे काम वाटून घेऊ शकतो. विकास आराखड्यातील टेकडीवरचे किंवा नाल्याकडेचे आरक्षण बदलायचे झाले तर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्या तशाच मुदतीत द्याव्या लागतात आणि सुनावणीला हजर राहावे लागते. पर्यावरणीय मंजुरीसाठीची जनसुनावणी २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान तीस दिवसांच्या सूचनेने आणि प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहिरात देऊन घ्यावी लागते. ही मुदत वीस दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव २०२० च्या मसुद्यात होता, आणि त्या मसुद्यावर लाखोंच्या संख्येने हरकती गेल्या. ती माणसे कोठून तरी आलीच ना? म्हणजे इच्छा आहे, हात कमी नाहीत. कमतरता आहे ती सातत्याची, आणि कंटाळवाण्या कागदपत्रांशी दोन हात करण्याच्या चिकाटीची. जनसुनावणीत बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात. पर्यावरण अहवालाची तीनशे पाने वाचणाऱ्याला कोणी विचारत नाही. खरी गरज त्या दुसऱ्याची आहे.

महापालिकांतील परिस्थितीने या आळसाला काही काळ निमित्तही पुरवले. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई आणि पुणे यांसारख्या शहरांत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, प्रशासकांच्या सहीने कारभार चालला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि ती पोकळी भरली. एवढ्या काळात रस्ते रुंद झाले, नद्यांच्या काठी बांधकामे झाली, झाडे गेली. आणि दाद मागायची कोणाकडे, असे नागरिक विचारत राहिले. आता विचारण्याची सोय आहे. आपल्या प्रभागातील नगरसेवकांची नावे, वृक्ष प्राधिकरणावर कोण सदस्य आहे, प्रभागाच्या कचऱ्यावर किती खर्च होतो, या गोष्टी माहितीच्या अधिकारात, आणि पुष्कळदा नुसत्या चौकशीनेही, मिळू शकतात.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. पावसाळ्याच्या अखेरीस क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, आपल्या प्रभागातील काम त्यात सुचवायचे असते, आणि एका कामासाठी पाच लाख रुपयांपर्यंतची मर्यादा घातलेली होती. बाकडी, पथदिवे आणि पदपथ दुरुस्ती यांसाठीच हे अर्ज बहुधा भरले गेले. उद्यानातील पालापाचोळ्यासाठी खतखड्डे, महापालिकेच्या शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी जिरवण्याची सोय, कचरावेचक महिलांना उन्हापावसात कचरा वेगळा करता येईल अशी पत्र्याची शेड ही कामेही त्याच मर्यादेत बसतात. अर्ज एका पानाचा आहे आणि मराठीत आहे.